डाय चमकला, पण कशामुळे?

प्रश्न थोडक्यात असा. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने कर्क्युमिनसारख्या (हळदीतल्या पिवळ्या रंगद्रव्यासारख्या) रचनेचा नवा डाय बनवला आहे. अमायलॉइड बीटा-४२ चे, म्हणजे अल्झायमरच्या मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे, तंतू घातले की त्याचा फ्लुरोसन्स चाळीस पट वाढतो. हाच डाय सुरुवातीपासून घातला तर थायोफ्लेविन-टीचा, म्हणजे तंतू मोजायच्या नेहमीच्या डायचा, सिग्नल पडतो, म्हणजे तो प्रथिनाचे पुंजके बनणंही रोखतो, असं त्याला वाटतं. पेपरच्या शीर्षकात 'अल्झायमरचं लवकर निदान आणि उपचार' हे शब्द हवेत, असा गाईडचा आग्रह आहे. रिव्ह्यूअरने 'निवडकपणाचा पुरावा अपुरा' एवढं लिहून पेपर परत पाठवला. आता पुढे कोणते प्रयोग करायचे, यातून पेट स्कॅनसाठी (किरणोत्सारी रेणू देऊन मेंदूचं चित्र घेणाऱ्या तपासणीसाठी) काही निघेल का, आणि त्यापेक्षा पार्किन्सनमध्ये साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाकडे वळलेलं बरं का?

मी याच विषयात काम करते. दिवसाचा बराचसा वेळ प्लेट रीडर आणि मेंदूच्या स्लाइड्स यांच्यामध्ये जातो, त्यामुळे रिव्ह्यूअर का वैतागला असेल याची मला कल्पना आहे. तुमचा प्रश्न वरवर 'कुठले प्रयोग करू' असा आहे. खरी अडचण अशी की प्रकाश वाढला हे तुम्ही दाखवलंय, पण डाय कशाला चिकटल्यामुळे तो वाढला हे दाखवलेलं नाही. या दोन गोष्टींमधलं अंतर भरून काढायला पाच-सहा प्रयोग लागतील. त्यातले निम्मे तर तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता जे आहे त्यातच होतील.

आधी डाय कशामुळे चमकतो, ते पाहू. तुमच्यासारखे बहुतेक डाय एका टोकाला इलेक्ट्रॉन देणारा गट आणि दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉन ओढणारा गट अशा बांधणीचे असतात. पाण्यात मोकळा असताना प्रकाश शोषला की रेणू मधल्या बंधाभोवती वळतो आणि ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. कुठेतरी घट्ट अडकला की वळता येत नाही, मग तीच ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. फिरत्या पंख्यात काठी अडकवावी तसं. पंखा थांबला एवढंच दिसतं, काठी कोणाची होती ते पंखा सांगत नाही. १९५९ मध्ये व्हॅसार आणि कलिंग यांनी अमायलॉइडसाठी वापरात आणलेला थायोफ्लेविन-टीसुद्धा याच तत्त्वावर चालतो. तो आजही सगळीकडे वापरला जातो, आणि तोही फक्त अमायलॉइडलाच चिकटत नाही. डीएनएच्या चौपदरी घड्यांमध्ये, म्हणजे जी-क्वाड्रुप्लेक्समध्ये, तो झकास चमकतो.

म्हणून पहिला प्रयोग सगळ्यात स्वस्त: बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं सीरम अल्ब्युमिन. सीरम अल्ब्युमिनमध्ये तेलकट रेणूंना बसायला आयते खोबणे असतात आणि कर्क्युमिनच्या जातीचे डाय त्यात हमखास जाऊन बसतात. तुमचा डाय बीएसएमध्ये तीस पट चमकला, तर तंतूंमधल्या चाळीस पटीला काय अर्थ उरला? माणसाच्या रक्तात अल्ब्युमिन साधारण ६०० मायक्रोमोलर असतं. शिरेतून दिलेल्या कुठल्याही डायची पहिली गाठ त्याच्याशीच पडते. त्याच दिवशी, त्याच प्लेटवर ग्लिसरॉलची चढती मालिका लावा, एसडीएस या साबणासारख्या पदार्थाचे मायसेल्स (बारीक गोळे) लावा, डीएनए लावा, एकही तंतू नसलेला ताजा मोनोमर (सुटं पेप्टाइड) लावा, आणि डाय न घातलेले नुसते तंतू लावा. शेवटचा कंट्रोल पुष्कळ जण विसरतात. तंतू प्रकाश विखुरतात, आणि उत्तेजनाची तरंगलांबी उत्सर्जनाच्या जवळ असेल तर ते विखुरलेलं तेजच फ्लुरोसन्स म्हणून मोजलं जातं.

कर्क्युमिन कुळाच्या आणखी काही खोडी आहेत. मूळ कर्क्युमिन सीरम नसलेल्या बफरमध्ये, ७.४ च्या आसपासच्या सामूला आणि ३७ अंशांना अर्ध्या तासात बहुतांश मोडतं. सांगलीच्या बाजारातल्या हळदीबद्दल आपल्याला कितीही माया असली, तरी प्रयोगशाळेत हा रेणू फार बेभरवशाचा आहे. तुमच्या रेणूत तो मधला बीटा-डायकिटोन (दोन कीटोन गटांचा सांधा) तसाच ठेवलाय की बोरॉन डायफ्लुओराइडने बांधलाय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. मोकळा असेल तर तो तांब्या-लोखंडाचे आयन पकडतो आणि बफरमध्ये टिकत नाही. बांधलेला असेल तर रंग लाल बाजूला सरकतो आणि मांजराच्या पावलांनी येणारी ही विघटनाची भानगड बरीच कमी होते. बोस्टनमधल्या गटाने २००९ मध्ये नेमकं हेच करून उंदरांमध्ये वापरता येईल असा जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रोब बनवला होता. काहीही असो, तुमचा डाय तुमच्याच बफरमध्ये ठेवून दर थोड्या वेळाने शोषण-वर्णपट घ्या. शिखर घसरत असेल तर रात्रभर चालवलेल्या प्रयोगात सकाळी तुम्ही भलत्याच रेणूचा फ्लुरोसन्स मोजत असता. आणि एका प्लेटमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा साबणासारखा पदार्थ घालून पाहा. हे रेणू पाण्यात स्वतःचेच बारीक गोळे करतात आणि त्या गोळ्यांवर कुठलंही प्रथिन चिकटतं. ट्रायटनने परिणाम गायब झाला तर तो त्या गोळ्यांचा होता असं समजा.

आता 'पुंजके रोखतो' हा दावा. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण अशा पेपरांचा ढीग पडलाय. थायोफ्लेविन-टी साधारण ४४० नॅनोमीटरला उत्तेजित करतात आणि ४८५ च्या आसपास मोजतात. कर्क्युमिनचं शोषण ४२५ च्या आसपास आहे आणि त्याचा पट्टा रुंद आहे. म्हणजे तुमचा डाय थायोफ्लेविनच्या वाटणीचा प्रकाश आधीच पिऊन टाकतो. शिवाय दोघं तंतूवर शेजारी बसले तर थायोफ्लेविनची ऊर्जा तो ओढून घेऊ शकतो, किंवा त्याला जागेवरून उठवूही शकतो. तिन्ही वेळा सिग्नल पडणार आणि तिन्ही वेळा तंतू जिथल्या तिथे असणार. पडताळणी सोपी आहे. थायोफ्लेविन न घालता प्रतिक्रिया चालवा, शेवटी नमुना जोरात फिरवून तंतू तळाशी बसवा आणि वर द्रवात किती प्रथिन उरलं ते एचपीएलसीवर मोजा. २८० नॅनोमीटरच्या शोषणावर विसंबू नका. अमायलॉइड बीटामध्ये ट्रिप्टोफॅन नाहीच, टायरोसिनही एकच, त्यामुळे सिग्नल क्षीण असतो आणि त्यात तुमचा डाय स्वतःच लुडबूड करतो. सोबत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर युरेनिल अ‍ॅसिटेटने रंगवलेले ग्रिड बघा. तंतू दिसले तर 'उपचार' हा शब्द काढून टाका. न दिसले तरी काढाच, कारण परीक्षानळीतले तंतू थांबले म्हणून माणसाचा आजार थांबत नाही. पण तेव्हा निदान 'तंतू बनणं मंदावतं' असं लिहायला आधार मिळेल.

इथपर्यंतची कामं नीट झाली की खरा रंजक भाग सुरू होतो: हे तंतू नक्की कुठले?

आपण सगळे 'अमायलॉइड' एका श्वासात म्हणतो, जणू ती एकच वस्तू आहे. २०१७ मध्ये केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत शेरेस आणि गोडर्ट यांच्या गटांनी अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतून टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे तंतू काढून क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने त्यांची अणूंच्या पातळीवरची रचना दाखवली. पुढच्या काही वर्षांत पिक्स डिसीज, मुष्टियोद्ध्यांना होणारा मेंदूचा आजार आणि कॉर्टिकोबेसल डिजनरेशन यांतल्या टाऊच्या रचना आल्या. टाऊ तोच, पण प्रत्येक आजारात त्याची घडी वेगळी. त्याहून आपल्याला झोंबणारी गोष्ट २०१९ मध्ये समोर आली. हेपॅरिन घालून परीक्षानळीत बनवलेले टाऊचे तंतू, ज्यांच्यावर असंख्य डाय तपासले गेले होते, ते मेंदूतल्या तंतूंसारखे नव्हतेच. २०२२ मध्ये टाऊचा एक कापलेला तुकडा हेपॅरिनशिवाय, ठरावीक परिस्थितीत वापरून अल्झायमरसारखी घडी मिळवता आली, म्हणजे मार्ग आहे. अमायलॉइड बीटा-४२ चंही तसंच. मेंदूतून काढलेल्या तंतूंमध्ये २०२२ मध्ये दोन घड्या सापडल्या: एक मुख्यतः कौटुंबिक इतिहास नसलेल्या अल्झायमरमध्ये, दुसरी कौटुंबिक अल्झायमरमध्ये आणि इतर काही आजारांत.

डाय ज्या खाचेत बसतो ती खाच घडीवर ठरते. घडी बदलली की खाच बदलते, कधीकधी नाहीशीच होते. याचं माणसातलं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे अमायलॉइड बीटामधल्या आर्क्टिक उत्परिवर्तनाचे रुग्ण. त्यांना अल्झायमर होतो, पण पिट्सबर्ग कंपाउंड-बी या अमायलॉइड शोधणाऱ्या रेणूने केलेला पेट स्कॅन जवळजवळ कोरा येतो. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. अमायलॉइड बीटा जनुकात बदल केलेल्या काही उंदरांमध्येही असाच प्रकार दिसतो: मेंदू प्लाकने (अमायलॉइडच्या गाठींनी) भरलेला असूनही हा रेणू माणसाइतका चिकटत नाही. म्हणून 'आमच्या उंदरात दिसलं' हे माणसासाठी पुरत नाही, आणि 'उंदरात दिसलं नाही' यावरून रेणू फेकून देणंही घाईचं ठरतं.

हे सगळं कळल्यावर तुम्ही काय करावं, हे तुमच्याकडे काय उपलब्ध आहे त्यावर आहे. क्रायो-मायक्रोस्कोप बहुतेकांच्या आवाक्यात नसतो, तो मागू नका. पण पेप्टाइड कसं हाताळलं ते पेपरमध्ये स्वच्छ लिहा: एचएफआयपी या द्रावकाने की सोडियम हायड्रॉक्साइडने विरघळवलं, जेल फिल्ट्रेशनने मोनोमर वेगळा केला का, कुठला बफर, हलवत ठेवलं की स्थिर. एचएफआयपीचा अंश उरला तरी तंतू बनण्याची गती बदलते. बाटलीतून काढून थेट पाण्यात टाकलेल्या पेप्टाइडमध्ये आधीच बीजं असतात, मग सुरुवातीचा शांत टप्पा दिसत नाही आणि विद्यार्थ्याला वाटतं आपला प्रयोग फार छान चालला. पेप्टाइड महाग आहे. हात बसवायला कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम किंवा इन्सुलिन वापरा, त्यांचे तंतूही तुम्हाला कंट्रोल म्हणून लागणारच आहेत. तुमचा डाय तिन्ही प्रकारच्या तंतूंमध्ये सारखाच चमकत असेल, तर तो अमायलॉइडचा सर्वसाधारण डाय आहे. त्यात कमीपणा काही नाही, पण मग 'अल्झायमरसाठी निवडक' म्हणता येत नाही.

तुमच्या मेलमध्ये 'ऑलिगोमरसाठीही चालेल का' असं एक वाक्य होतं. ऑलिगोमर, म्हणजे तंतू होण्याआधीचे छोटे पुंजके, ही एक वस्तू नाही, मिनिटामिनिटाला बदलणारं मिश्रण आहे. २००६ मध्ये गाजलेला विशिष्ट ऑलिगोमरचा पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला, तो प्रतिमांमधल्या फेरफारामुळे. पण ऑलिगोमर शुद्ध स्वरूपात पकडून ठेवणं अवघड आहे, हे त्याआधीही सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या पेपरात त्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी माणसाच्या मेंदूचे काप मिळवा. रिव्ह्यूअरला गप्प करणारा प्रयोग हाच. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदूविकार संस्थेत मेंदूंची पेढी आहे, तिथल्या एखाद्या न्यूरोपॅथॉलॉजिस्टला सहलेखक म्हणून बरोबर घ्या आणि एथिक्स कमिटीची परवानगी आजच टाका, कारण तिला वेळ लागतो. लागोपाठचे काप घ्या: एकावर तुमचा डाय, शेजारच्यावर अमायलॉइड बीटाची अँटिबॉडी, तिसऱ्यावर फॉस्फोरायलेटेड टाऊची. मग दिसेल की डाय प्लाकवर बसतो, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या अमायलॉइडवर बसतो, की टाऊच्या गुंत्यांवरही. एक काप कोरा ठेवा, काहीही न लावता. म्हाताऱ्या मेंदूत लायपोफ्युसिन नावाचं रंगद्रव्य भरलेलं असतं. ते स्वतःच हिरव्यापासून नारिंगीपर्यंत चमकतं, आणि बीटा-डायकिटोन मोकळा असलेल्या डायचं उत्सर्जन बहुधा नेमकं तिथेच असतं. कोऱ्या कापावरही तेवढेच ठिपके दिसले तर तुम्ही प्रोब नव्हे, वय मोजत आहात. सुदान ब्लॅक या काळ्या रंगाने ते दाबता येतं, पण कधीकधी डायचाही सिग्नल दबतो, म्हणून दोन्ही प्रकारे करून बघा. आजार नसलेल्या वृद्धाचा कापही हवा. त्यात थोडे प्लाक सापडले तर दचकू नका, ते असतातच.

आणि त्यामुळेच 'लवकर निदान' या शब्दांना माझा आक्षेप आहे. २०१५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत असं दिसलं की बुद्धी शाबूत असलेल्यांमध्येही पन्नाशीला सुमारे १० टक्के आणि नव्वदीला सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अमायलॉइड आढळतं. अमायलॉइड दिसणं आणि आजार असणं यांच्यात बरीच वर्षं आणि बऱ्याच 'जर-तर' आहेत. शिवाय मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने फॉस्फोरायलेटेड टाऊ-२१७ आणि अमायलॉइड बीटा यांचं गुणोत्तर मोजणाऱ्या रक्तचाचणीला मान्यता दिली. लवकर निदान म्हणाल तर तुमची तुलना आता त्या सुईच्या टोचणीशी होणार. डायचा प्रकाश माणसाच्या कवटीतून आरपार येत नाही. जवळच्या अवरक्त पट्ट्यातला प्रकाश उंदराच्या पातळ कवटीतून येतो, माणसाच्या नाही. फ्लुरोसन्ट प्रोबचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे आणि तो भरपूर आहे: मेंदूच्या कापांवर, पेशींमध्ये, उंदराच्या कवटीला खिडकी करून दोन-फोटॉन मायक्रोस्कोपखाली प्लाक वाढताना पाहायला, औषधांची चाळणी करायला. शीर्षकात यातलं एक लिहा. गाईडना पटवायचं असेल तर सांगा की असं शीर्षक दिलं तर रिव्ह्यूअरकडे मारायला दगड उरत नाही.

आता पेट स्कॅन. थायोफ्लेविनपासून पेटपर्यंतचा प्रवास प्रत्यक्षात झालेला आहे, त्यामुळे तो बघितला की तुम्हाला कुठवर जायचंय ते कळेल. थायोफ्लेविन-टीवर धन भार आहे, म्हणून तो मेंदूत शिरत नाही, आणि अमायलॉइडशी त्याची पकड मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे सैल. पिट्सबर्गमध्ये विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी तो भार काढून टाकला, रेणू छोटा आणि तटस्थ केला, पकड काही नॅनोमोलरपर्यंत आणली आणि त्यात कार्बन-११ बसवला; तोच पिट्सबर्ग कंपाउंड-बी. माणसातला पहिला स्कॅन २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात झाला आणि पेपर २००४ मध्ये आला. कार्बन-११ चं अर्धायुष्य २० मिनिटं, म्हणजे सायक्लोट्रॉन त्याच इमारतीत हवा. म्हणून पुढे ११० मिनिटांच्या फ्लोरिन-१८ वर आधारित रेणू आले, आणि एफडीएने २०१२ मध्ये फ्लोरबेटापिरला मान्यता दिली. आपल्याकडे मुंबईच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्येच सुरू झाला, त्यामुळे सोय नाही अशी तक्रार करता येणार नाही. अडचण रसायनाची आहे.

पेटमध्ये रेणूचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. तिथे 'चमकला' याला काहीच किंमत नाही, किरणोत्सारी अणू चिकटो न चिकटो, सारखाच फुटतो. म्हणून तीन गोष्टी एकाच रेणूत हव्यात: मेंदूत पटकन शिरणं, तंतूला नॅनोमोलर पकडीने धरणं, आणि जिथे तंतू नाहीत तिथून तितक्याच पटकन धुऊन जाणं. तिसरी गोष्ट बहुतेकांना मारते. तेलकट रेणू मेंदूच्या पांढऱ्या भागात नुसते मुरून बसतात. कर्क्युमिनसारखा लांब, दोन्ही टोकांना फिनॉल असलेला रेणू यकृत लगेच निकामी करतं. तुमचा रेणू आहे तसा पेटमध्ये जाणार नाही, असंच मला वाटतं. त्याचा अर्धा भाग कापून काही हाती लागेल का, हा मात्र चांगला प्रश्न आहे.

पकड चांगली असली तरी भलत्याच जागी चिकटणं राहतंच. टाऊसाठी बनवलेल्या टीएचके-५३५१ या पेट-रेणूचं काय झालं ते वाचा. २०१७ मध्ये रुग्णांना सेलेजिलिन या जुन्या औषधाची एक मात्रा देऊन पुन्हा स्कॅन केला, तर सिग्नल तृतीयांश ते निम्म्याने पडला. म्हणजे त्यातला मोठा वाटा टाऊचा नव्हताच, सेलेजिलिन ज्याला अडवतं त्या मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी या एन्झाइमचा होता. तुम्ही स्लाइडवरही हाच प्रयोग करू शकता: आधी सेलेजिलिन लावा, मग डाय. स्वस्तात होतो आणि रिव्ह्यूअरवर छाप पडते.

अल्फा-सिन्युक्लिनकडे वळू का, यावर माझं उत्तर: उत्सुकता असेल तर वळा, सोपं वाटतंय म्हणून नको. तिथले पुंजके पेशींच्या आत असतात, अमायलॉइडच्या मानाने फार थोडे असतात, आणि त्याच मेंदूत शेजारी टाऊ आणि अमायलॉइड बीटाही असतात. म्हणजे पकड जास्त घट्ट हवी आणि निवडकपणाही जास्त हवा. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी या सिन्युक्लिनच्याच दुसऱ्या आजारात उपयोगी दिसणारा पेट-रेणू २०२३ मध्ये आला. त्या आजारातली सिन्युक्लिनची घडी आणि पार्किन्सनमधली घडी वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एकात चालणारा रेणू दुसऱ्यात चालेलच असं नाही. आणखी एक सापळा आहे. आयआयटी मुंबईच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की सिन्युक्लिन तंतू होण्याआधी द्रवाचे थेंब बनवतं. थेंबात चिकटपणा जास्त, म्हणजे तुमच्या जातीचा डाय तिथेही चमकू शकतो, एकही तंतू नसताना.

रिव्ह्यूअरला उत्तर देताना क्रम असा ठेवा: बीएसए-डीएनए-ग्लिसरॉलचे आकडे, डायचा टिकाऊपणा, तंतूंचे मायक्रोस्कोप फोटो, लायसोझाइम आणि इन्सुलिनशी तुलना, आणि परवानगी मिळाली तर मेंदूचे काप. परवानगीला उशीर होत असेल तर मुदत वाढवून मागा, बहुतेक संपादक देतात. रोखण्याचा दावा पडताळणीत टिकला नाही तर तो भाग सरळ काढा, पेपर लहान होईल पण टिकेल. आणि डायचं शोषण, उत्सर्जन आणि बोरॉन आहे की नाही एवढं कळवा, म्हणजे स्लाइडसाठी कुठला फिल्टर लागेल ते सांगता येईल.